पाटी काय सांगते, काय नाही

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, वेस्ट 113 व्या रस्त्यावर 278 नंबरचं घर आहे. जगप्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनीने ते 1904 मध्ये घेतलं आणि 1926 मध्ये तो वारला तोपर्यंत ते त्याच्याकडे होतं. तिथे तशी पाटीही आहे.

समजा, तुम्हाला हुडिनीवर लिहायचंय. पाटीवरून काय कळतं? ती लावणाऱ्यांना हे घर त्याचं वाटलं, एवढंच. मालकीसाठी खरेदीखतच बघायला हवं.

मग खुद्द हुडिनीचा शब्द घ्यायचा का? जरा थांबा. आपला जन्म अमेरिकेतल्या ॲपलटन गावी, 6 एप्रिल 1874 ला झाला, असं तो सांगायचा. प्रत्यक्षात तो 24 मार्च 1874 ला बुडापेस्टमध्ये जन्मला आणि 1878 मध्ये आईसोबत अमेरिकेत आला. म्हणजे त्याचं सांगणं जन्माचा पुरावा ठरत नाही. पण ते फेकूनही देऊ नका. आपल्याला जन्माने अमेरिकन समजावं, असं त्याला वाटत होतं, याचा तो चांगला पुरावा आहे. कागद तोच, प्रश्न बदलला.

हेच कामरगावात करून बघा. जुनं घर कोणाच्या नावावर होतं, हे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये शोधा. जन्मतारीख कोतवाल बुकात. ‘आजोबा सांगायचे’ हेही टिपा, पण वेगळ्या रकान्यात. तोंडी परीक्षेत ‘हे कशावरून?’ असं विचारलं, की हाच रकाना तुम्हाला वाचवेल.