हवाई फवारणी व धुरळणी

हवाई फवारणी व धुरळणी : उभ्या पिकांवर, फळबागांवर, कुरणांवर अथवा जंगलांवर विमान, हेलिकॉप्टर वा वैमानिकरहित उड्डाणयंत्र (ड्रोन) यांच्या साहाय्याने पीडकनाशके फवारणे, कोरडी भुकटी धुरळणे, तसेच खते व बी फोकणे यांस ही संज्ञा लावतात. थोड्या वेळात मोठे क्षेत्र हाताळणे, चिखलामुळे वा दाट वाढीमुळे जेथे माणूस शिरू शकत नाही तेथे औषध पोहोचविणे आणि फवारणी करणाऱ्यास विषारी द्रव्यापासून दूर ठेवणे, हे तिचे प्रमुख हेतू होत. यांपैकी पहिले दोन हेतू प्रारंभापासूनच साध्य झाले. तिसरा हेतू मात्र शंभर वर्षांच्या इतिहासात अर्धवटच सफल झाला आहे. उंचावरून सोडलेले विष नेमके कोठे पडते व कोणाच्या अंगावर पडते, या प्रश्नाभोवतीच या तंत्राचा इतिहास फिरताना दिसतो.

प्रारंभ : न्यूझीलंडमध्ये जॉन चेटर याने १९०६ मध्ये उष्ण हवेच्या फुग्यातून दलदलीच्या जमिनीवर बी फेकल्याचा उल्लेख सापडतो. जर्मन वनाधिकारी आल्फ्रेट त्सिमरमान याने १९११ मध्ये जंगलांतील किडींवर विमानातून औषध टाकण्याच्या कल्पनेचे एकस्व मागितले. तथापि प्रत्यक्ष यशस्वी प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ओहायओ राज्यातील ट्रॉय या गावाजवळ झाला. तेथील कॅटाल्पा वृक्षांच्या राईवर पतंगाच्या अळ्यांचा उपद्रव झाला होता. राज्याचे कृषी संशोधन केंद्र व लष्कराचे विमानदल यांनी संयुक्तपणे ही योजना आखली. एत्येन दॉर्मवा या अभियंत्याने भुकटीची पेटी तयार करून ती कर्टिस बनावटीच्या विमानाच्या बाजूस बसविली आणि लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी याने राईलगत कमी उंचीवरून फेऱ्या मारल्या. वाऱ्याने ढगासारखी पसरलेली लेड आर्सेनेटाची भुकटी सु. अडीच हेक्टरांच्या राईवर बसली. भुकटी सोडण्यास लागलेला एकूण वेळ एक मिनिटाहूनही कमी होता. काही दिवसांतच बहुतेक सर्व अळ्या मेलेल्या आढळल्या. या प्रयोगात वारा हाच भुकटीचा वाहक होता. पुढे ज्या दोषाबद्दल हे तंत्र बदनाम झाले, तोच त्याच्या पहिल्या यशाचे कारण ठरला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

पुढील वर्षी लुइझियाना राज्यातील टॅलूला येथे कापसाच्या बोंडांवरील सोंडकिड्याविरुद्ध कॅल्शियम आर्सेनेट धुरळण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांतून हा व्यवसाय उदयास आला. त्यासाठी स्थापन झालेल्या ‘हफ डेलँड डस्टर्स’ या कंपनीतूनच पुढे ‘डेल्टा’ ही प्रवासी विमान कंपनी निर्माण झाली.

युद्धोत्तर विस्तार : दुसऱ्या महायुद्धानंतर तीन गोष्टी एकाच वेळी उपलब्ध झाल्या : लष्कराने स्वस्तात विकलेली प्रशिक्षण विमाने, युद्धातून परतलेले वैमानिक आणि डीडीटीसारखी नवी संश्लेषित कीटकनाशके. परिणामी अमेरिकेच्या विस्तीर्ण शेतांवर हवाई फवारणी ही नित्याची बाब झाली. न्यूझीलंडमध्ये १९४९ पासून डोंगरउतारावरील कुरणांवर लहान विमानांतून सुपरफॉस्फेट फोकण्याचा व्यवसाय सुरू झाला. जेथे बैलगाडी वा ट्रॅक्टर चढू शकत नव्हता, तेथील जमिनींचा कस त्यामुळे सुधारला. सोव्हिएट संघात अँटोनॉव्ह ए एन-२ हे १९४७ मध्ये प्रथम उडालेले द्विपंखी विमान या कामी मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. या व्यवसायातील वैमानिकांना पिकापासून काही मीटर उंचीवरून, विजेच्या तारा व झाडे चुकवीत उडावे लागे. त्यामुळे अपघातांचे प्रमाण मोठे होते. विमानास पट्टा दाखविण्यासाठी शेताच्या कडेस निशाण घेऊन उभ्या राहणाऱ्या मजुराच्या अंगावरही औषध पडत असे.

लोकमतातील बदल : १९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड भागात पतंगाच्या निर्मूलनासाठी विमानांतून डीडीटी फवारण्यात आले. ते शेतांबरोबरच घरे, तळी व भाजीपाल्याचे वाफे यांवरही पडले. तेथील रहिवाशांनी याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दाव्यात त्यांना यश आले नाही, परंतु हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. रेचेल कार्सन यांच्या सायलेंट स्प्रिंग (१९६२) या ग्रंथात अशा सरसकट हवाई फवारणीवर कठोर टीका आहे. यूरोपीय संघाने २००९ च्या निदेशान्वये काही अपवाद वगळता हवाई फवारणीस मनाई केली.

भारतातील अनुभव : भारतात हवाई फवारणी मुख्यतः टोळधाडीचा बंदोबस्त आणि मोठ्या क्षेत्रावरील किडींचे नियंत्रण यांसाठी शासकीय यंत्रणांमार्फत केली गेली. हिंदुस्थान एरॉनॉटिक्स लिमिटेड या कंपनीने ‘बसंत’ हे खास शेतीसाठीचे विमान तयार केले. त्याच्या सुधारित आवृत्तीचे पहिले उड्डाण १९७२ मध्ये झाले. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये हवाई फवारणीसंबंधी स्वतंत्र तरतुदी असून त्यांनुसार लोकांना आगाऊ सूचना देणे बंधनकारक आहे. मात्र येथील शेतांचे तुकडे लहान, एकाच बांधाच्या दोन बाजूंस भिन्न पिके आणि मध्येच वस्ती, विहिरी व गोठे. अशा प्रदेशात मोठ्या विमानाचा उपयोग मर्यादितच राहिला.

तो जेथे झाला, तेथील एका घटनेने देशाचे लक्ष वेधले. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात शासकीय महामंडळाच्या काजूबागांवर, कोकणात ढेकण्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किडीविरुद्ध, एंडोसल्फान या कीटकनाशकाची हेलिकॉप्टरमधून फवारणी केली जात असे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत ही प्रथा चालू होती. बागा टेकड्यांवर व वस्ती उतारांवर आणि खोऱ्यांत, अशी तेथील भूरचना असल्याने औषध उघड्या विहिरींत व ओढ्यांत उतरत राहिले. या गावांतील मुलांत जन्मजात व्यंगे, मज्जासंस्थेचे विकार इ. मोठ्या प्रमाणावर आढळू लागले. कार्यकारणसंबंधाविषयी तज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. तथापि २०११ मध्ये स्टॉकहोम करारान्वये एंडोसल्फानचा समावेश त्याज्य प्रदूषकांत झाला, त्याच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उत्पादनास व विक्रीस मनाई केली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

जपानमधील वैमानिकरहित हेलिकॉप्टर : आजच्या ड्रोनचा पूर्वज जपानच्या भातखाचरांत जन्मला. तेथे १९५८ पासून भातावरील करपा रोग व तुडतुडे यांविरुद्ध हेलिकॉप्टरमधून फवारणी केली जाई. शहरे वाढून खाचरांना भिडली, तसा औषधाच्या उडण्याविषयी नागरिकांचा रोष वाढला. दुसरीकडे तरुण पिढी शहरांत गेल्याने शेती वृद्धांच्या हाती राहिली आणि उन्हाळ्याच्या दमट हवेत पाठीवर पंप घेऊन चिखलात चालणे त्यांना झेपेनासे झाले. यावर उपाय म्हणून १९८० च्या सुमारास शासनाच्या कृषी खात्याशी संलग्न हवाई संघटनेने जमिनीवरून चालविता येणाऱ्या लहान हेलिकॉप्टरचा प्रकल्प हाती घेतला. मोटारसायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या यामाहा कंपनीने १९८७ मध्ये ‘आर-५०’ हे सु. २० किग्रॅ. भार उचलणारे यंत्र तयार केले. त्यानंतर १९९७ मध्ये ‘आर-मॅक्स’ हे अधिक स्थिर व चालविण्यास सुलभ असे यंत्र आले. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी ही यंत्रे घेऊन प्रशिक्षित चालकांकरवी गावोगावची फवारणी केली. २००० मध्ये उसू ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा निरीक्षणासाठीही ‘आर-मॅक्स’ वापरण्यात आले. अमेरिकेने २०१५ मध्ये त्यास शेतीकामाची परवानगी दिली.

बहुघूर्णकी ड्रोन : हेलिकॉप्टरची यंत्रणा गुंतागुंतीची, महाग व देखभालीस कठीण असते. २०१० नंतर मोबाइल फोनच्या उद्योगामुळे स्वस्त झालेले सूक्ष्म संवेदक, हलक्या लिथियम बॅटऱ्या व विद्युत् चलित्रे यांच्या योगाने चार, सहा किंवा आठ पंखे असलेली सोपी यंत्रे बनविणे शक्य झाले. यांत प्रत्येक पंख्याचा वेग संगणक क्षणोक्षणी बदलतो व त्यायोगे तोल आणि दिशा राखली जाते. चीनमधील डीजेआय कंपनीने २०१५ मध्ये १० किग्रॅ. द्रव वाहणारा आठ पंख्यांचा शेती-ड्रोन बाजारात आणला. त्यानंतर चीनमध्ये या यंत्रांचा प्रसार अत्यंत वेगाने झाला. टाकीच्या जागी फिरत्या तबकडीची पेटी बसवून त्यांच्याद्वारे दाणेदार खत व भाताचे बीही फोकले जाऊ लागले.

कार्यपद्धती : शेताच्या सीमा उपग्रहाधारे नोंदविल्यावर यंत्र समांतर पट्ट्यांत स्वतःच उडते आणि पिकापासून सामान्यतः दीड ते तीन मी. उंची राखते. पंख्यांखालील हवेचा झोत पाने हलवून तुषारांना आत ढकलतो. पाठीवरच्या पंपाने एकरी १५० ते २०० लि. पाणी लागते, म्हणजे मजुरास सोळा लिटरचा पंप दहा-बारा वेळा भरून पाठीवर वाहावा लागतो. ड्रोनला सु. १० लि. पाणी पुरते आणि एकराचे काम सात ते दहा मिनिटांत होते. मात्र औषधाची मात्रा तीच व पाणी कमी, त्यामुळे द्रावण कित्येक पटींनी तीव्र असते. तुषार जितके बारीक तितके पान चांगले झाकले जाते, परंतु सु. १०० मायक्रॉनपेक्षा लहान तुषार वाऱ्याबरोबर दूर जातात. म्हणून नोझलची निवड, उंची, वेग व वाऱ्याची दिशा यांस येथे सर्वाधिक महत्त्व आहे. एका बॅटरीवर भरलेले यंत्र साधारणतः दहा-पंधरा मिनिटेच उडत असल्याने अनेक बॅटऱ्या व त्या भारित करण्याची सोय बांधावर ठेवावी लागते.

भारतातील प्रसार : महाराष्ट्रात या प्रश्नाची निकड २०१७ च्या खरिपात प्रकर्षाने जाणवली. यवतमाळ जिल्ह्यात त्या पावसाळ्यात कपाशी फवारणाऱ्या शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला, तर शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याइतकी वाढलेली दाट कपाशी, उष्ण व दमट हवा, अनेक तीव्र औषधांची मिश्रणे आणि हातमोजे, मुखवटे यांसारख्या संरक्षक साधनांचा अभाव ही त्याची कारणे सांगितली गेली. विषाच्या तुषारांतून चालणारा माणूस त्या तुषारांतून बाहेर कसा काढावा, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला. २०२० मध्ये राजस्थान व शेजारच्या राज्यांवर आलेल्या टोळधाडीत उंच झाडांवर व दुर्गम जागी बसलेल्या टोळांवर ड्रोनने फवारणी करण्यात आली. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम जाहीर केले आणि डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनद्वारे पीडकनाशके फवारण्याची प्रमाणित कार्यपद्धती प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये ४७७ पीडकनाशकांस ड्रोनद्वारे वापरण्याची दोन वर्षांपुरती तात्पुरती मान्यता मिळाली. तसेच कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे व शेतकरी उत्पादक संस्था यांना खरेदीसाठी अर्थसाहाय्य देऊ करण्यात आले. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेनुसार महिलांच्या १५,००० स्वयंसाहाय्यता गटांना ड्रोन देऊन त्यांनी ते भाड्याने चालवावेत, अशी कल्पना मांडली गेली. २०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर असल्याने, यंत्र स्वतः विकत घेण्यापेक्षा गटाकडून सेवा घेणे हाच बहुसंख्य शेतकऱ्यांसाठी व्यवहार्य मार्ग ठरतो.

मूल्यमापन : ड्रोनमुळे वैमानिक यंत्रातून व मजूर पिकातून बाहेर पडला, हा मोठा लाभ होय. परंतु धोका त्यामुळे नाहीसा झालेला नाही. त्याचे स्थान बदलले आहे. बांधावर तीव्र औषध मोजून टाकीत ओतणारा व टाकी धुणारा मनुष्य आता सर्वाधिक जोखमीत असतो. वाऱ्याबरोबर उडालेले तुषार शेजाऱ्याच्या भाजीपाल्यावर, तुतीच्या पानांवर, मधमाश्यांवर वा विहिरीत जाऊ शकतात. जो मजूर फवारणीच्या रोजंदारीवर जगतो, त्याच्या कामाचा प्रश्नही उरतोच. शिवाय फवारणी सुलभ झाली म्हणजे ती आवश्यक ठरते, असे नाही. किडीची पातळी तपासूनच औषध वापरण्याचा एकात्मिक कीड नियंत्रणाचा नियम ड्रोनलाही तितकाच लागू आहे. ट्रॉयच्या राईत वाऱ्यावर सोपविलेले विष नेमक्या पानावर पोहोचविण्याचे साधन शतकभरानंतर शेतकऱ्याच्या हाती आले आहे. ते कोणते विष, केव्हा व किती न्यावे, हा निर्णय मात्र यंत्राचा नसून तो चालविणाऱ्यांचा व त्यांना नियमांनी बांधणाऱ्या समाजाचा आहे.