तारेची जाडी आणि तारेची किंमत

पुणें जिल्ह्याच्या मावळ तालुक्यांत, विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशीं भाजें हें गांव आहे. गांवाजवळच्या डोंगरांत 22 लेणीं असून त्यांतील जुनीं इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतील मानलीं जातात. तेथील एका विहाराच्या भिंतीवर दोन लहान वाद्यांवर हातांनीं ताल धरणारी एक स्त्री आणि त्या तालावर नाचणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे. तबल्याच्या पूर्वपीठिकेचा शोध घेणारांना हें शिल्प फार मोलाचें वाटतें. त्या वादिका आणि तिचे श्रोते यांच्यामध्यें हवेखेरीज कांहींच नव्हतें. आज तबला घरोघरीं ऐकूं येतो तो स्टिरिओच्या स्पीकरांतून. आणि अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत त्याला नेणारी एक दुपदरी तार मध्यें आली आहे. ही तार कोणती घ्यावी हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु बेताच्या मिळकतीच्या घरांत तारेवर अधिक खर्चिलेला रुपया स्पीकरांतून किंवा संगीताच्या खरेदींतूनच वजा होत असतो. सुदैवानें या प्रश्नाचें उत्तर जुनें असून तारेच्या इतिहासानें तें अनेक वेळां दिलें आहे.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यानें 1827 सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध करून विजेच्या प्रवाहाचे नियम मांडले. त्याच्या शोधांतून निघालेला व्यवहाराचा बोध असा : तार जितकी लांब तितका तिचा विजेस होणारा रोध अधिक, जितकी जाड तितका तो कमी, आणि धातूधातूंत तो निरनिराळा. हा बोध भारतांत मोठ्या प्रमाणावर प्रथम कामीं आणला तो कलकत्त्याच्या डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यानें. 1851 सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर हा तारायंत्राचा मार्ग घालतांना त्यानें तांब्याच्या बारीक तारेऐवजीं सुमारें 3/8 इंच व्यासाच्या लोखंडी सळ्या योजिल्या. लोखंडाचा रोध तांब्याच्या सुमारें सहापट. परंतु ती सळी इतकी जाड, कीं बारा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेइतकें काम ती करी. शिवाय वादळानें अगर वानरांच्या झोक्यांनीं ती तुटण्याचें भय नव्हतें. धातु हलका, पण जाडी भरपूर, असा तो हिशेब होता.

याच्या उलट अनुभव समुद्रांत आला. 1858 सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं जी पहिली तार टाकली, तींत सागरी मैलास अवघें 107 पौंड तांबें होतें. तार अधिक जाड असावी असें विल्यम टॉमसन याचें मत होतें. तें मानलें गेलें नाहीं. संदेश फार मंद जात, म्हणून विजेचा दाब वाढविण्यांत आला आणि थोड्याच आठवड्यांत ती तार निकामी झाली. 1866 सालीं जी तार यशस्वी झाली, तींत सागरी मैलास 300 पौंड तांबें घातलेलें होतें. दरम्यान टॉमसन यानें आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. बाजारांत तांबें या एकाच नांवानें विकल्या जाणाऱ्या धातूचे नमुने तपासतां त्यांच्या वाहकतेंत मोठा फरक आढळला. तेव्हां जाडीबरोबर शुद्धताही पाहावी लागते, हा दुसरा धडा होय.

तिसरा धडा भाज्याच्या अगदीं दाराशीं आहे. जवळच्या मळवली स्थानकावरून जाणाऱ्या लोहमार्गावर 1930 च्या सुमारास विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्या वेळीं विजेचा दाब 1500 व्होल्ट होता. कमी दाबानें मोठी शक्ति पुरवावयाची तर प्रवाह मोठा लागतो, आणि मोठ्या प्रवाहास जाड तांबें लागतें. मुंबई विभागांतील मार्गांवर 2016 पर्यंत 25,000 व्होल्टची पद्धति सर्वत्र आली. तिला तितकें तांबें लागत नाहीं. घरांतील स्पीकरची तार ही लहान प्रमाणावर त्या जुन्या लोहमार्गाची बहीण आहे. तिच्यांत दाब थोडा व प्रवाह त्या मानानें मोठा असतो. म्हणूनच तेथें जाडीला महत्त्व.

स्टिरिओची कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या 1931 च्या पेटंटांत आढळते. परंतु तिच्या तबकड्या सर्रास बाजारांत आल्या त्या 1958 सालीं. पुढें बरींच वर्षें लोक दिव्याला लावावयाची साधी दुपदरी तारच स्पीकरला जोडीत. 1979 सालीं अमेरिकेंत नोएल ली यानें मॉन्स्टर केबल ही कंपनी काढून जाड तारेचा पुरस्कार केला, तो गैर नव्हता. परंतु त्यानंतर या व्यापारांत चांदीचा मुलामा, दिशादर्शक बाण, रेशमी वेष्टन असे अलंकार वाढत गेले व किमती त्यांच्यामागून चढल्या. 1983 सालीं 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकानें लॉरेन्स ग्रीनहिल यानें घेतलेली एक परीक्षा प्रसिद्ध केली. कोणती तार चालू आहे हें श्रोत्यांना सांगितलें नव्हतें. फार बारीक तार चांचणीच्या आवाजावरून ओळखूं आली. पण जाड साधी तार आणि महाग तार यांतील भेद संगीत ऐकतांना कोणास खात्रीनें सांगतां आला नाहीं.

याचें गणित कोणासही करतां येईल. स्पीकर पांच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार दहा मीटर होते. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध तेव्हां 0.34 ओहम, दीड चौरस मिलिमीटरच्या तारेचा 0.11 ओहम आणि अडीचच्या तारेचा 0.07 ओहम भरतो. स्पीकरच्या ओहमांच्या पांच टक्क्यांच्या आंत तारेचा रोध असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. आठ ओहमच्या स्पीकरला दीडची तार पंधरा मीटर अंतरापर्यंत पुरते. स्पीकर चार ओहमचा असेल, तर आठ मीटरपलीकडे अडीचची घ्यावी. तार याहून बारीक असली, तर स्पीकरच्या पडद्यावरील अँप्लिफायरचा लगाम सैल होतो आणि डग्ग्याचा घुमारा बोजड होण्याचा संभव असतो. चांदी तांब्याहून सरस खरी, पण ती जेमतेम सहा टक्क्यांनीं. ती उणीव तार किंचित् जाड घेतल्यानें भरून निघते.

भाज्याच्या चैत्यगृहांत कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत. प्रथम पाहणाऱ्यास वाटतें, डोंगर त्यांनींच तोलून धरला आहे. वस्तुतः खडक स्वतःच्या बळावर उभा असून फासळ्यांवर कांहींच भार नाहीं; त्या लाकडी बांधणीच्या जुन्या परंपरेची खूण आहेत. तेथें त्या डोळ्यांस सुखवितात. तारेचें रेशमी वेष्टन मात्र कानांस सुखवीत नाहीं.

खरी सावधगिरी ठेवावयाची ती निराळ्याच ठिकाणीं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली तार बाजारांत तांब्याची म्हणून खपते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. तिचा एक धागा चाकूनें खरवडला असतां आंत पांढरा धातु दिसतो, आणि हातांत घेतां ती हलकी लागते. हें पाहून, वीजसामानाच्या दुकानांतील शुद्ध तांब्याची, बारीक धाग्यांची, लवचीक दुपदरी तार घ्यावी. तिच्या दोन पदरांची खूण पाहून दोन्ही स्पीकरांचीं टोकें सारख्याच रीतीनें जोडावीं. एकाचीं उलट जोडलीं गेलीं, तर खर्जाचा आवाज क्षीण होतो आणि कितीही महाग तार तो परत आणूं शकत नाहीं.