बिनपडसादाची खोली

राजगडावर पहाटे, वारा पडलेला असताना, समोरच्या कड्याकडे तोंड करून हाळी द्यावी. शब्द तोंडातून सुटतो, मधली दरी ओलांडतो, कातळाला लागतो आणि परत येतो. जाऊन येऊन दोन सेकंद लागले तर कडा साधारण ३४० मीटरवर आहे, कारण आवाज हवेतून सेकंदाला तेवढंच अंतर कापतो. फूटपट्टी न लावता दरी मोजण्याची ही एक साधी रीत.

वेल्हे आणि भोर हा सगळा मुलूखच पडसादांचा. गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं, हिरडस मावळ. प्रत्येक खोऱ्याला दोन्ही अंगांनी डोंगराच्या भिंती. नसरापूरजवळ बनेश्वराच्या देवळात तर पडसाद हाताच्या अंतरावर भेटतो. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली, १६८३ साल आणि क्रॉस कोरलेली पोर्तुगीज घंटा तिथे आहे. टोल पडला की दगड तो आवाज जवळ ठेवत नाही, जवळजवळ सगळा परत करतो. म्हणून दगडी देवळात घंटेचा नाद इतका वेळ रेंगाळतो.

‘पडसाद’ या शब्दाचं कूळही ऐकण्यासारखं आहे. संस्कृतातला ‘शब्द’ प्राकृतात ‘सद्द’ झाला आणि मराठीत ‘साद’. तसाच ‘प्रतिशब्द’चा ‘पडिसद्द’ झाला आणि त्याचा ‘पडसाद’. आपण साद घालतो, डोंगर पडसाद देतो. पुढे हा शब्द डोंगरातून उतरून वर्तमानपत्रांत गेला आणि आता निवडणुकीचे, निकालाचे, आंदोलनाचे पडसाद उमटू लागले. मुळात मात्र तो कातळाचा शब्द आहे.

या मुलखाच्या अगदी उलट अशी एक खोली जगात आहे. तिथे साद घातली तर ती परत येत नाही. टाळी वाजवली तर ती हातांपाशीच संपते. इंग्रजीत तिला ‘ॲनेकोइक चेंबर’ म्हणतात आणि आपल्याकडची पुस्तकं ‘प्रतिध्वनिरहित कक्ष’ म्हणतात. मी तिला बिनपडसादाची खोली म्हणेन. ही खोली कुठून आली, त्याची ही कुळकथा.

तिची आजी म्हणजे एक नापास झालेलं व्याख्यानगृह. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह सुरू झालं आणि त्यात बोललेलं कोणालाच नीट कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता पुढचे दहा-बारा शब्द बोलून जाई आणि सगळे शब्द एकमेकांत मिसळून जात. हे दुरुस्त करण्याचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनच्या नळीतून एक सूर वाजवायचा, तो थांबवायचा आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असा त्याचा क्रम चाले. दिवसा रस्त्याचा गलबला आड येई, म्हणून काम रात्रीचं. सकाळी वर्ग भरायच्या आत गाद्या परत जागेवर.

गाद्या वाढल्या तसा घुमारा कमी झाला. आपल्या घरात हे आपण सगळ्यांनीच अनुभवलं आहे. सामान हलवलेल्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. तिथे गोधड्यांची चळत, धान्याची पोती आणि चार माणसं आली की तीच खोली शांत होते. गोधडीच्या थरांत अडकलेल्या हवेत आवाज शिरतो, धाग्यांना घासतो आणि त्याची अगदी थोडीशी उष्णता होऊन जाते.

किती शोषलं हे मोजायला सबाइनने जे माप निवडलं ते फार सुंदर आहे. त्याने विचार केला, आवाज पूर्णपणे शोषणारी वस्तू कोणती? उत्तर होतं उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एखादा गालिचा किंवा गादी किती चौरस फूट उघड्या खिडकीइतकं काम करते, हेच त्याचं एकक ठरलं. पुढे त्याच्याच नावाने ते ‘सबाइन’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. बिनपडसादाच्या खोलीची सगळी कल्पना या एककात बीजरूपाने होती. जिच्या चारही भिंती, छत आणि जमीन म्हणजे उघड्याच खिडक्या, अशी खोली बांधायची.

गरज पुढच्या पिढीत आली. टेलिफोन, रेडिओ, ध्वनिवर्धक आले. एखादा ध्वनिवर्धक खरोखर कसा वाजतो हे मोजायचं, तर खोलीच्या भिंतींचा आवाज त्यात मिसळून चालत नाही. अभियंते मग ध्वनिवर्धक घेऊन उघड्यावर जात, उंच खांबावर किंवा गच्चीवर तो चढवत आणि तिथे मापं घेत. उघडं आकाश पडसाद देत नाही, हे खरं. पण उघड्यावर वारा असतो, पाऊस असतो, पाखरं असतात आणि दूरच्या रस्त्यावरची गाडी असते. मोकळं रान हवं होतं, पण त्यातला वारा नको होता. म्हणजे मोकळं रानच चार भिंतींत आणायचं होतं. कापडाचे थरावर थर लावून तसे प्रयोग झाले, पण खर्जातले आवाज त्यातूनही परत येत.

दुसऱ्या महायुद्धात या कामाला घाई आली. लढाऊ विमानांच्या गोंगाटात वैमानिकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हार्वर्डमध्येच लिओ बेरानेक या तरुण शास्त्रज्ञाच्या हाताखाली ध्वनिविद्येची प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९४३ साली तिथे एक प्रचंड खोली तयार झाली. लोक तिला ‘बेरानेकची पेटी’ म्हणत. ‘ॲनेकोइक’ हा शब्दही त्यानेच रूढ केला. ग्रीकमधला ‘एको’ म्हणजे पडसाद आणि त्याआधी नकाराचा ‘अन्’. हा ‘अन्’ आपल्याला परका नाही. ‘अनंत’, ‘अनादि’, ‘अनाहत’ यांतला आपला ‘अन्’ आणि तो ग्रीक ‘अन्’ भाऊच आहेत, एकाच जुन्या भाषाकुळातले.

बेरानेकच्या खोलीची करामत तिच्या भिंतींत होती. भिंत सपाट नव्हती. तिच्यावर काचतंतूंच्या हजारो पाचरी बसवल्या होत्या. सुताराची लाकूड फोडायची पाचर असते तोच आकार. फक्त मऊ, सच्छिद्र, आणि टोक खोलीच्या आत रोखलेलं. आवाजाला अचानक आडवी येणारी भिंत भेटली तर तो उलटतो. इथे त्याला आधी पाचरीचं निमुळतं टोक भेटतं, मग हळूहळू जाड होत जाणारा भाग. भिंत कुठे सुरू झाली हे त्याला कळतच नाही. दोन पाचरींच्या फटीत शिरून तो या अंगावरून त्या अंगावर आपटत आत जातो आणि तिथेच विरतो. पाचरीची लांबी मनाला येईल तशी ठेवून चालत नाही. १०० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट ३.४ मीटर लांब असते. तिला पकडायचं तर पाचर निदान तिच्या चौथाईइतकी, म्हणजे ८५ सेंटिमीटर खोल हवी. म्हणून बाहेरून मोठी दिसणारी खोली आतून बरीच लहान निघते.

जमीनही पाचरींचीच. मग उभं कुठे राहायचं? पाचरींच्या वर ताणलेल्या तारांची जाळी असते. पाऊल टाकलं की ती किंचित झुलते आणि खाली टोकंच टोकं दिसतात. दाराच्या आतल्या बाजूलाही पाचरी असतात. दार लागलं की ते कुठे होतं हेही चटकन सापडत नाही. इमारतीची थरथर पोचू नये म्हणून अशा कित्येक खोल्या मुख्य बांधकामापासून वेगळ्या काढून स्प्रिंगवर बसवतात.

आत गेलेल्या माणसाला पहिल्यांदा जाणवतो तो स्वतःचा आवाज. तो कोरडा आणि आखूड वाटतो, ओठांपासून पुढे गेलाच नाही असा. बोलणाऱ्याने तोंड दुसरीकडे वळवलं की त्याचं बोलणं एकदम दबतं, कारण एरवी आपल्यापर्यंत पोचणाऱ्या बोलण्यात भिंतींचा मोठा वाटा असतो. कानांवर दाब आल्यासारखं वाटतं. काहींचा तोल डळमळतो, विशेषतः दिवे मालवल्यावर. आपण कुठे आहोत हे आपल्याला डोळ्यांबरोबर पडसादही सांगत असतात, हे ते नसताना कळतं. मग श्वास ऐकू येतो, गिळणं ऐकू येतं, मान वळवल्याची करकर ऐकू येते आणि हृदयाचे ठोके ऐकू येतात.

१९५१ च्या सुमारास जॉन केज हा संगीतकार हार्वर्डच्या अशाच खोलीत जाऊन आला. संपूर्ण शांतता ऐकायला म्हणून तो गेला आणि त्याला दोन आवाज ऐकू आले, एक उंच आणि एक खालचा. उंच आवाज तुमच्या मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा, असं तिथल्या अभियंत्याने सांगितल्याचं तो आयुष्यभर सांगत राहिला. मज्जासंस्थेचं ते स्पष्टीकरण आज कोणी धरत नाही. तो उंच सूर कानाच्या आतच उमटणारा गुंजारव असावा. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याचा कसलाही त्रास नसलेल्या ८० जणांना आवाजबंद कोठडीत थोडा वेळ बसवलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. केजचा निष्कर्ष मात्र टिकला. जिवंत माणसाला संपूर्ण शांतता मिळत नाही. २९ ऑगस्ट १९५२ रोजी वुडस्टॉकमध्ये त्याची चार मिनिटं तेहेतीस सेकंदांची रचना सादर झाली. डेव्हिड ट्युडर पियानोसमोर बसला आणि त्याने एकही सूर वाजवला नाही. श्रोत्यांनी झाडांतला वारा ऐकला आणि छपरावरचा पाऊस ऐकला.

बाहेर शांत झालं तरी नाद असतोच, हा विचार आपल्या मुलखात फार आधी बोलला गेला होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि नादाचे दोन प्रकार सांगितले. आघाताने निर्माण होतो तो आहत, आणि आघाताविना असतो तो अनाहत. नाथपंथी योग्यांची तर कान बंद करून आतला नाद ऐकण्याची साधनाच आहे. योग्याचा अनाहत आणि कानातला गुंजारव एकच, असं मी म्हणणार नाही. साधना ही कानापुरती गोष्ट नाही. पण बाहेरचं सगळं थांबवलं की आत काहीतरी ऐकू येतं, ही जाण दोन्हीकडे एकच आहे.

पुढे या खोल्यांची शर्यत लागली. २०१५ साली अमेरिकेत रेडमंड इथल्या मायक्रोसॉफ्टच्या खोलीत उणे २०.३५ डेसिबल इतकी शांतता मोजली गेली आणि तिची गिनीजने नोंद घेतली. उणे म्हणजे काय? शून्य डेसिबल म्हणजे आवाज नसणं नव्हे. माणसाच्या चांगल्या कानाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजाला शून्य म्हटलं आहे, आणि त्याखालीही आवाज असतोच. अशा खोलीत पाऊण तासाहून जास्त कोणी टिकत नाही, माणसाला वेड लागतं, अशी गोष्ट फार फिरते. ती खरी नाही. तिथे माणसं त्याहून जास्त वेळ शांतपणे बसली आहेत.

भोर-वेल्ह्याच्या माणसाला अशी खोली फार लांब नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही वाहनांच्या संशोधनाची संस्था आहे. तिथे गाड्यांच्या आवाजासाठी अर्धी बिनपडसादाची खोली आहे. अर्धी अशासाठी, की भिंती आणि छत आवाज शोषतात आणि जमीन मात्र टणक ठेवलेली असते, कारण तारांच्या जाळीवर गाडी उभी करता येत नाही. इंजिनाची घरघर कुठली, टायरची कुठली, एक्झॉस्टची कुठली, हे अशा खोलीत वेगवेगळं काढता येतं. रस्त्यावर आपल्याला सोसावा लागणारा आवाज कमी व्हायची सुरुवात अशा खोलीतूनच होते.

खाली टणक जमीन, आणि बाकी पाचही दिशांना काही परत न देणारा मोकळेपणा. हे वर्णन लिहिताना मला रायरेश्वर दिसतं. भोर तालुक्यात कोर्ल्याच्या बाजूने वर चढून, शेवटी लोखंडी शिडीने ते विस्तीर्ण पठार गाठलं की समोर ना कडा असतो, ना भिंत. ज्या महादेवासमोर शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते, त्याचं साधं देऊळ तिथे आहे आणि भोवती गवत, आभाळ आणि वारा. बिनपडसादाची खोली बांधणाऱ्यांना जे मोकळं रान चार भिंतींत आणायचं होतं, ते हेच. त्यासाठी त्यांना हजारो पाचरी लावाव्या लागल्या.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी या भागात याल तेव्हा गाणी वाजवणारा स्पीकर घरी ठेवा. बनेश्वराच्या देवळात हलकेच एक टाळी वाजवा आणि दगड ती किती वेळ सांभाळतो ते ऐका. दुसरी टाळी राजगडावर, कड्याकडे तोंड करून वाजवा आणि ती परत येईपर्यंतचे सेकंद मोजा. तिसरी रायरेश्वराच्या पठारावर, मधोमध उभं राहून. ती परत येणार नाही.