पाळीव पोपटाचे पीस-उपटणे

पिंजऱ्यातल्या पोपटाने आपल्याच चोचीने आपली पिसे ओढून काढणे, ती चावून कुरतडणे किंवा त्यांचे दांडे मोडणे याला पीस-उपटणे म्हणतात. वर्तन टोकाला गेले तर पोपट पिसांवर न थांबता कातडीही फाडतो. मोकळ्या थव्यातल्या पोपटांत हा प्रकार जवळजवळ आढळत नाही. बंदिवासातल्या पोपटांपैकी मात्र साधारण दहांतला एक पिसे उपटतो, असा अंदाज सांगितला जातो. आफ्रिकेतला करडा पोपट (आफ्रिकन ग्रे) आणि काकाकुवा यांच्यात प्रमाण अधिक असते. आपल्याकडचा राघू, लव्हबर्ड आणि कॉकाटील हेही याला अपवाद नाहीत. घरातली माणसे याला ‘खोड’ म्हणतात. या शब्दाने दोष पक्ष्याच्या माथी जातो आणि कारणे शोधायची राहून जातात. पीस-उपटणे ही पक्ष्याच्या शरीराची किंवा त्याच्या दिनक्रमाची तक्रार असते, आणि उपचार त्या तक्रारीवर करायचा असतो.

वसई-विरारमधला पोपट. या भागात घरोघरी दिसणारा पोपट म्हणजे बहुधा राघू. त्याची लांबी सुमारे ४० सेंमी. असते आणि त्यातला बराचसा भाग शेपटीचा असतो. नराच्या गळ्याला वयात आल्यावर काळा-गुलाबी कंठ येतो, मादीला तो नसतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळी-नारळाच्या वाड्या, पेरू, चिंचा आणि जांभळे हे त्याचे हक्काचे खाणे. झाडांच्या ढोल्या आणि जुन्या भिंतींतली भोके हे त्याचे घर. पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्याचे (स्थापना २००३, क्षेत्र सुमारे ८५ चौ. किमी.) जंगल आहे. सकाळी थवा ओरडत वाडीवर उतरतो, अर्धवट खाल्लेले पेरू खाली टाकतो आणि पुढे जातो. रानात पोपटाचे दिवसाचे चार ते सहा तास अन्न शोधण्यात, सोलण्यात आणि फोडण्यात जातात. उरलेला वेळ जोडीदाराशी, थव्याशी आणि आंघोळीत जातो. पहिल्या पावसात ओल्या पानांत अंग घुसळणारा राघू ज्याने पाहिला आहे, त्याला पिंजऱ्यातल्या पक्ष्याला काय कमी पडते ते वेगळे सांगावे लागत नाही.

पिंजऱ्यातला दिवस याच्या उलट असतो. नालासोपारा-विरारमधल्या अनेक घरांतली माणसे पहाटेची लोकल पकडतात. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किमी. आहे, जाऊन-येऊन आणि नोकरी धरून घर दहा-बारा तास रिकामे राहते. खिडकीच्या ग्रिलमध्ये टांगलेल्या पिंजऱ्यात वाटीभर दाणे असतात आणि ते खाऊन संपवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. संध्याकाळी माणसे परततात, दिवे लागतात आणि टीव्ही मध्यरात्रीपर्यंत चालतो. म्हणजे पक्ष्याला दिवसा सोबत नाही आणि रात्री झोप नाही. पोपटाला रोज १० ते १२ तासांचा शांत अंधार लागतो. चोचीला काम न उरलेल्या पक्ष्याला हाताशी सापडणारी एकच वस्तू म्हणजे त्याचे स्वतःचे पीस.

लक्षणे. छाती, मांड्यांची आतली बाजू, पंखांखालचा भाग आणि शेपटीचे बूड आधी उघडे पडते. डोक्याची पिसे शाबूत राहतात, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही. मान-डोके हिरवेगार आणि त्याखाली सोललेल्या कोंबडीसारखे अंग, असे हे रूप ओळखायला सोपे आहे. डोकेही उघडे असेल तर सोबतचा पक्षी पिसे उपटतो आहे किंवा आजार आहे, असे समजावे.

वर्षाकाठी होणारी पिसांची नैसर्गिक झड वेगळी असते. तिच्यात दोन्ही बाजूंची पिसे सारखी गळतात, टक्कल पडत नाही आणि नव्या पिसांचे काटे लगेच दिसू लागतात. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले पीस उचलून पाहावे. देठासकट अख्खे आणि बुडाशी ओलसर किंवा रक्ताळलेले पीस म्हणजे ते ओढून काढले आहे. मधेच तुटलेले, कडा चावलेले पीस म्हणजे कुरतडले आहे. देठाशी आवळल्यासारखे किंवा पिळवटलेले पीस विषाणूच्या आजाराची शंका निर्माण करते. अशी दोन-चार पिसे कागदी पाकिटात घालून डॉक्टरांकडे न्यावीत.

शारीरिक कारणे. मनाचे कारण गृहीत धरण्यापूर्वी शरीराची कारणे तपासावी लागतात.

(१) आहार : केवळ सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाण्यांवर ठेवलेल्या पोपटाला अ-जीवनसत्त्व कमी पडते. त्याची कातडी कोरडी पडून खाजते आणि चरबीने यकृत बिघडते. किनारपट्टीच्या दमट हवेत साठवलेल्या शेंगदाण्यांना पावसाळ्यात बुरशी लागते. त्या बुरशीचे विष (अफ्लाटॉक्सिन) थेट यकृतावर घाला घालते. कुबट वासाचे दाणे फेकून द्यावेत.

(२) धातूंची विषबाधा : जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचा पिंजरा चोचीने चावला की जस्त पोटात जाते. कोळीवाड्यातल्या घरांत जाळ्याला लावायची शिसाची वजने पक्ष्याच्या आवाक्यात राहू नयेत; शिसे जस्ताहून घातक असते.

(३) धूर : अगरबत्ती, धूप, सिगारेट आणि डासांची कॉइल यांच्या धुराने श्वसनमार्ग आणि कातडी चिडते. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले तर त्यातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो.

(४) संसर्ग : चोच-पीस रोग (सर्कोव्हायरसमुळे होणारा), बुरशीजन्य आजार, पिसांच्या मुळाशी होणारा जंतुसंसर्ग आणि आतड्यातले परजीवी. पिसांवरच्या उवा-गोचिडांना लोक पहिला दोष देतात, पण पिंजऱ्यातल्या पक्ष्यात हे कारण क्वचितच निघते.

(५) कापलेले पंख : उडू नये म्हणून पंख कातरले की दांड्यांची टोके कुशीत टोचतात. ती काढण्याच्या खटाटोपातून उपटण्याला सुरुवात होते.

वर्तनाची कारणे. एकटेपणा, कंटाळा, अपुरी झोप, घरातला अचानक बदल (नवे बाळ, घर बदलणे, जवळच्या माणसाचे जाणे), मांजराची भीती आणि दिवाळीचे फटाके ही नेहमीची कारणे आहेत. घरट्यातून फार लहान वयात काढलेल्या पिल्लांना पिसे निगुतीने साफ करणे आई-बापाकडून शिकायला मिळत नाही, आणि अशा पक्ष्यांत पुढे हे वर्तन जास्त दिसते. एकाच माणसाला जोडीदार मानणारा पक्षी विणीच्या काळात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये, अधिक अस्वस्थ होतो. त्या काळात त्याची पाठ आणि शेपटीचे बूड कुरवाळू नये. मान आणि डोके खाजवणे पुरते.

निदान. पहिले दोन आठवडे वही ठेवावी. पिसे किती वाजता उपटली, घरात कोण होते, काय खाल्ले, रात्री दिवा कधी बंद झाला हे रोज लिहावे. वजनाच्या काट्यावर दर सकाळी खाण्यापूर्वी ग्रॅममध्ये वजन घ्यावे. घटणारे वजन हा पिसांपेक्षा मोठा इशारा असतो. त्यानंतर पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधावा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने पोपट तपासत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारावे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयही तिथेच आहे. तपासणीत रक्त, विष्ठा, क्ष-किरण चित्र आणि गरज पडल्यास विषाणूची चाचणी यांचा समावेश असतो. प्रवासात पिंजरा सुती कापडाने झाकावा आणि लोकलची गर्दीची वेळ टाळावी.

उपाय. चोचीला काम देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १६ तरुण अॅमेझॉन पोपटांचे ४८ आठवडे निरीक्षण करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना अन्न शोधून, फोडून, उलगडून खावे लागले आणि ज्यांच्या पिंजऱ्यात चढायच्या-चावायच्या वस्तू होत्या, त्यांची पिसे चांगली राहिली. नुसत्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची पिसे खराब झाली. त्यांनाही पुढे त्याच सोयी दिल्यावर ती सुधारू लागली.

यासाठी दुकानातली महागडी खेळणी लागत नाहीत. केळीच्या सोपटात चार मुगाचे दाणे गुंडाळून ते पिंजऱ्याला अडकवावे. ते फाडण्यात सकाळ जाते. नारळाच्या करवंटीला भोके पाडून आत गाजराचे तुकडे घालावेत. मक्याचे कणीस सालीसकट द्यावे. पेरूची किंवा कडुनिंबाची फवारणी न केलेली ताजी फांदी दांडी म्हणून लावावी. पोपट तिची साल सोलत बसतो. काथ्याचे लांब धागे मात्र लोंबते ठेवू नयेत, पाय अडकतो. रोजचे खाणे एकाच वाटीत न देता चार ठिकाणी लपवावे.

आहार बदलताना घाई करू नये. बिया एकदम बंद केल्या तर पक्षी उपाशी राहतो. लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेले मूग, हिरवी मिरची आणि पेरू यांचे प्रमाण हळूहळू वाढवावे. मिरचीची झोंब पक्ष्यांना लागत नाही, म्हणून राघू ती आवडीने खातो. केळे आणि चिकू गोड असल्याने थोडे द्यावेत. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू आणि खारवलेले पदार्थ वर्ज्य आहेत.

रोज सकाळी साध्या पाण्याचा बारीक फवारा किंवा परातीत उथळ पाणी द्यावे. सकाळचे कोवळे ऊन आणि बाजूला सावली असावी. पिंजऱ्यात दोन्ही पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत. रात्री ठरलेल्या वेळी पिंजरा शांत, अंधाऱ्या खोलीत हलवावा.

काही गोष्टी टाळाव्यात. हळद-खोबरेल लावण्याची घरगुती पद्धत मायेतून येते, पण तेलाने पिसे चिकटतात आणि पक्ष्याला थंडी वाजते. कडू फवारे मारू नयेत. उपटताना ओरडू नये किंवा धावत जाऊ नये. एकटा पडलेला पक्षी ओरडण्यालाही सोबत समजतो आणि तेच पुन्हा करतो. तो शांत खेळत असताना त्याच्याशी बोलावे. गळ्यातली कॉलर कातडी फाडणाऱ्या पक्ष्याला काही दिवस लागू शकते, पण ती आणि मन शांत करणारी औषधे डॉक्टरांनीच ठरवावीत.

वाढते पीस तुटून रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने दाबून धरावे, त्यावर कॉर्नफ्लोअर लावावे; काही मिनिटांत रक्त थांबले नाही तर लगेच दवाखाना गाठावा. पोपट आजारी असताना घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला आला, तर घरी पोपट आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पोपटांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजार ओळखायला त्याची मदत होते.

कायदा. राघूसह भारतातले सर्व रानटी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा असून ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आफ्रिकन ग्रे, मकाव यांसारख्या परदेशी जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते.

म्हणून घरी पिसे उपटणारा राघू असेल, तर त्याच्या मदतीची वाट वन विभागातून जाते. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. शिक्षेच्या भीतीने पक्ष्याला संध्याकाळी वाडीत सोडून देणे ही सुटका ठरत नाही. छातीची पिसे गेलेला पक्षी ऊब धरू शकत नाही, पंखांची पिसे गेलेला उडू शकत नाही, आणि वाटीतून खाल्लेल्याला रानातले अन्न ओळखू येत नाही. कावळे आणि मांजरे त्याला सकाळ पाहू देत नाहीत. पिसे परत येणे, मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव आणि आपल्या जातीच्या पक्ष्यांची सोबत, इतके झाल्यावरच सोडण्याचा विचार होतो. जे कधीच सुटू शकत नाहीत, त्यांना बचाव केंद्रात जातभाईंची सोबत मिळू शकते.

सुधारणा. मुळापासून ओढलेले पीस पुन्हा उगवू लागते. कातरलेले किंवा कुरतडलेले पुढच्या झडीपर्यंत तसेच राहते. एकाच जागी वर्षानुवर्षे उपटले तर पिसाचे मूळ कायमचे निकामी होते आणि तो भाग उघडाच राहतो. म्हणून वर्तनाला महिना व्हायच्या आत हालचाल करावी. बरे होण्याची पहिली खूण अंगावर नव्हे, पिंजऱ्याच्या तळाशी दिसते : सकाळी तिथे पिसांऐवजी केळीच्या सोपटाचे बारीक तुकडे आणि फांदीच्या सालीचा चुरा पडलेला असतो. छातीवर नव्या पिसांचे निळसर काटे त्यानंतर येतात. काही पक्ष्यांना ते कधीच येत नाहीत. तरीही दिवसभर सोलत, फोडत, अंघोळ करत राहणारा आणि रात्री शांत झोपणारा उघड्या छातीचा पोपट बरा झालेलाच समजावा.