शाळा सोडण्याचे कारण

२०२३ साली गावोगावच्या शाळांची जुनी दप्तरं बाहेर निघाली. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता. महसुलाचे कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि त्यांच्या जोडीला शाळेचं जनरल रजिस्टर. ज्या रजिस्टरांना वाळवीशिवाय कुणी विचारत नव्हतं, त्यांच्याभोवती माणसं जमली. काही ठिकाणी नोंदी मोडीत, तर मोडी वाचणारा माणूस हुडकून आणावा लागला.

जुनं अक्षर लागतं म्हणून आमच्या गावच्या शाळेत मलाही बोलावलं. सगळ्यांचं बोट एकाच रकान्यावर : जात. एका घरातल्या दोन सख्ख्या भावांपुढं एकाला 'कुणबी' आणि दुसऱ्याला 'मराठा' लिहिलेलं. नाव घालायला बाप गेला का चुलता, आणि खुर्चीत मास्तर कोण होता, त्यावर ते ठरलेलं. जन्मतारखेचंही तसंच. आई सांगणार, 'बेंदराच्या आदल्या दिशी झाला,' आणि मास्तर मांडणार १ जून. म्हणून तर आमच्या वयाच्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. माणूस कोण, कधीचा, कुठल्या जातीचा, हे शाळेनं एका ओळीत लिहिलं आणि पुढं जन्मभर तोच दाखला खरा ठरला.

पण त्याच ओळीच्या शेवटाकडं आणखी एक रकाना असतो. 'शाळा सोडण्याचे कारण.' तिथं कुणाचंच बोट थांबत नव्हतं. मी मात्र तिथंच अडकलो. 'सतत गैरहजर', 'सतत गैरहजर', 'पालकांच्या अर्जावरून', पुन्हा 'सतत गैरहजर'. आणि ही नावं कुणाची? महारवाड्यातली, मांगवाड्यातली, रामोश्यांची, धनगरांची, कोरडवाहू कुणब्यांची. पोरींची तर जवळजवळ सगळीच. ब्राह्मणआळीतली आणि पाटलाच्या वाड्यातली पोरं तेवढी 'सातवी पास' होऊन बाहेर पडलेली. जातीचा रकाना आणि हा रकाना जोडीनं वाचला, की गावाचा इतिहास कळायला दुसरं पुस्तक लागत नाही.

त्यातच माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सापडलं. चौथीतनं गळाली. कारण : 'सतत गैरहजर'. गैरहजर होती म्हणजे कुठं होती? १९७२ चा दुष्काळ. आई-आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला. घरी रांगतं भावंड. त्याला काखेत मारून ती पाणी आणायची, भाकरी थापायची, शेरडं राखायची. पाढे तिला माझ्यापेक्षा चांगले येत होते. ती घरी राहिली म्हणून मी शाळेत जाऊ शकलो. मास्तरांना दोष देत नाही, रकान्यात मावेल तेवढं त्यांनी लिहिलं. पण त्या दोन शब्दांनी सगळा गुन्हा पोरीच्या नावावर मांडला.

हे दुखणं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातनं येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि त्यात शेतीचं ज्ञानही शिकवा, असं त्यांचं मागणं होतं.

नुसतं नाव घातलं म्हणजे भागत नाही, हेही जुनंच. साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची एक नोंद आहे : भिवा रामजी आंबेडकर. नाव रजिस्टरात आलं, पण शाळेत बसायला गोणपाट वेगळं, आणि वरनं पाणी ओतणारा शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. अक्षरओळख आणि आपली पायरी, दोन्ही धडे एकाच शाळेत.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. त्याच साली भाऊराव पाटलांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, पुढं १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. त्या पोरांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पोराला शाळेत ठेवायचं तर आधी त्याच्या पोटाची सोय लागते, हे त्या नवराबायकोला कळलं होतं.

त्यांच्याच पुण्याईनं माझ्यासारखे दहावीपर्यंत पोचले. १९७५ साली नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली, मी पुढच्या वर्षी बसलो. पण तिथं चाळण निराळी. घरात 'व्हतं', 'न्हाई', 'पानी'. पुस्तकात 'होतं', 'नाही', 'पाणी'. आपलं बोलणं अशुद्ध आहे, हे आम्हाला पहिल्यांदा शाळेनंच सांगितलं. ज्याच्या घरात पुस्तकाची भाषा, त्याला निम्मे गुण घरातनंच मिळायचे. आम्हाला मात्र आधी आईची बोली विसरायची, मग धडा. जो लवकर विसरला तो हुशार, बाकीचे ढ. इंग्रजी-गणितात गचकलेली पोरं 'माझं डोस्कंच चालत न्हाई' म्हणत औताला लागली, आणि तसं मानूनच म्हातारी झाली.

आता सकाळी गावात पिवळी गाडी येते. ज्याला फी झेपते त्याचं पोर इंग्रजी शाळेला जातं. २००९ च्या कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा दुबळ्या घरांसाठी ठेवल्या, पण आमच्या जिल्हा परिषद शाळेत उरतात ती बहुतेक मजुरांचीच पोरं. पूर्वी शाळा जातीवरनं वेगळ्या होत्या, आता फीवरनं झाल्यात.

आणि दिवाळीनंतर फडाकडंला कोप्या पडतात. बीडकडनं ऊसतोडीची टोळी येते. गेल्या हंगामात माझ्याच उसात एक पोरगी धाकट्या भावाला काखेत घेऊन वाढं गोळा करत होती. "कितवीला गं?" म्हटलं, तर "चवथीला." म्हणजे तिकडं तिच्या गावात तिचं नाव पटावर आहे, गुरुजी हजेरीला ते पुकारत असतील.

आमची शाळा त्या फडापासनं हाकेवर आहे. यंदा टोळी आली की गुरुजींना आणि अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घेऊन कोप्यांवर जायचं ठरवलंय. नुसते गुरुजी नेऊन उपयोग नाही. काखेतल्या भावाची सोय आधी लागली, तरच ती पोरगी वर्गात बसेल.