पाण्याखालीं आणि सड्यावर

गोदावरीच्या खोऱ्यांतील पालमसारख्या गांवाहून सुटींत मालवणास जाणाऱ्या मंडळींस हल्लीं दोन गोष्टींची ओढ असते: तारकर्लीच्या समुद्रांत बुडी मारून मासे व प्रवाळ पाहणें, आणि सिंधुदुर्गाचें दर्शन घेणें. या दुर्गाचा पाया शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर घातला. येथें कर्ता ठाऊक आहे, काळ ठाऊक आहे. म्हणून आदरही सहज उपजतो.

परंतु याच मालवण तालुक्यांत, कुडोपी येथील जांभ्या दगडाच्या सड्यावर, मनुष्याकृति व इतर आकृति कोरलेल्या आहेत. अभ्यासक त्या इतिहासपूर्व काळांतील मानतात. त्यांजवर लेख नाहीं, त्यांची बखर नाहीं. २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादींत कोंकणांतील जीं कातळशिल्पें आलीं, त्यांत कुडोपीही आहे. तथापि यादींत नांव येणें म्हणजे रक्षण होणें नव्हे. उघड्या सड्यावरील अशा शिल्पांस पावसाचें, पावलांचें आणि चिऱ्याच्या खाणींचें भय आहेच.

पैठणच्या सातवाहनांचा इतिहास आपण नाणीं व लेख यांवरून वाचतों. जेथें तीं साधनें नाहींत, तेथें दगडावरील रेघ हेंच एकमेव साधन होय. ती पुसली कीं सारेंच गेलें. म्हणून समुद्राच्या तळाशीं अर्धी घटका घालविणाऱ्यानें एक सकाळ सड्यासही द्यावी, मात्र रेघांवर पाऊल पडूं देऊं नये.