डाक्सहुंड : केशावरण व स्वभाव

बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीकरिता जर्मनीत निपजविलेली, आखूड पायांची व लांबट धडाची श्वानजाती. सांप्रत बहुतांशी सोबतीसाठीच पाळतात. मराठीत ‘डॅशहाउंड’ हा उच्चार रूढ आहे. जर्मनीतील जातिमंडळ १८८८ मध्ये स्थापन झाले.

आकार : जर्मनीत आकारवर्ग छातीच्या घेरावरून ठरवितात.

केशावरण : आखूडकेशी, लांबकेशी व राठकेशी असे तीन प्रकार. पैकी आखूडकेशी हा मूळचा समजला जातो. लांबकेशीत स्पॅन्यलचे, आणि राठकेशीत श्नाउत्सर व डँडी डिनमाँट टेरिअर यांचे रक्त मिसळले, असे पैदासकारांच्या परंपरेत सांगतात. राठकेशीस दाढी व झुपकेदार भुवया असून त्याचे वरचे केस ताठ व खरखरीत आणि आतील लव दाट असते. कात्री लावल्यास हा पोत मऊ पडतो, सबब जून झालेले केस चिमटीत धरून, वाढीच्या दिशेने, हलकेच उपटून काढण्याची वहिवाट आहे. श्वानांतील बहुतेक केशभेद अवघ्या तीन जनुकांच्या मेळातून उद्भवतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, व त्यात या जातीचे नमुने फार उपयोगी पडले. लांब केसांचा गुण अप्रभावी असल्याने आखूडकेशी जोडप्याच्या पोटी एखादे लांबकेशी पिलू निपजू शकते. राठपणा मात्र प्रभावी असल्याने तो मातापित्यांपैकी एकाच्या तरी अंगावर उघड दिसावा लागतो. ब्रिटनच्या दप्तरी तीन केशप्रकार व दोन आकार मिळून सहा स्वतंत्र नोंदी आहेत. अमेरिकेत जात एकच.

स्वभाव : राठकेशी धीट व खोडकर, लांबकेशी सौम्य, आखूडकेशी एका धन्याशी निष्ठावंत, ही वर्गवारी सर्वत्र छापलेली आढळते, तथापि ती संकरातील पूर्वजांच्या लौकिकावरून मागाहून बेतली असावी, असे मानण्यास जागा आहे. बिळाच्या अंधारात, धन्याच्या हुकमापासून दूर, स्वतःच निर्णय घेणाऱ्या कुत्र्याचा हट्टीपणा मात्र तिन्ही प्रकारांत समान. मालकांच्या प्रश्नावल्यांवर आधारित २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात माणसांविषयीच्या आक्रमकतेत ही जात वरच्या क्रमांकांत आली. लहान कुत्र्याचे गुरगुरणे धनी कौतुकाने खपवून घेतात, हेही याचे एक कारण असू शकेल.

आरोग्य : मणक्यांमधील चकती सरकण्याचा विकार वारंवार आढळतो, उड्या व जिने टाळावेत.

इतर : म्यूनिक ऑलिंपिकचा (१९७२) शुभंकर ‘वाल्डी’ याच जातीचा.